तांबडीच्या गळ्यातलं दावं

तांबडी पहाटे व्याली. कालवड झाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले. पण घर आणि गोठा यांच्यामधल्या तीन पायऱ्या त्या दिवशी ती किती वेळा चढली-उतरली, तिचं तिलाच ठाऊक. कालवडीला पुसलं, चीक पाजला, तांबडीला गूळ चारला, तिच्या शेपटीचा गोंडा डोळ्यांना लावला. "बघ रे धाकट्या, कपाळावर चांद आहे हिच्या," असं मला दहादा दाखवून झालं. अकराव्या वेळी मी म्हणालो, "आता पुरे, बघून बघून झिजेल तो."

दुपारी तांबडी बसली. बसली ती उठेना.

आम्ही दोघं भावंडं दोर वळतो. घरामागे भिंतीला लागून साठ पावलांची उघडी पट्टी आहे, तिच्या एका टोकाला चाक. अक्का बसून चाक फिरवते. मी कमरेला वाखाचा गठ्ठा बांधून, त्यातले धागे सोडत सोडत, उलट्या पावलांनी मागे सरतो. चाळीस वर्षं हेच. माझी बायको लवकर गेली, अक्काचा नवरा त्याच्याही आधी. मूलबाळ दोघांनाही नाही. ती माझ्याकडे राहायला आली की मी तिच्याकडे राहिलो, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

तांबडी आमच्याकडे सात वर्षं होती. तिची आईही आमच्याच गोठ्यातली. रोजची पहिली पोळी तिची, तिनं ती खाल्ल्याशिवाय अक्का अन्नाला हात लावत नसे. मेल्यानंतर एक नदी लागते, रक्ताची आणि पुवाची, आणि गाईचं शेपूट धरून ती ओलांडायची असते, याबद्दल अक्काच्या मनात काडीची शंका नव्हती. इथून अमुक गावाला जायचं तर अमुक ठिकाणी गाडी बदलावी लागते, असं आपण सांगतो, तशी ती सांगायची. "मला पोटचं पोर नाही हात धरायला," ती म्हणायची. "शेपूट धरायला ही आहे. माझं झालं."

मी चेष्टा करायचो. "तेहतीस कोटी देव हिच्या अंगात, आणि शेण काढायला मी एकटा."

"त्यातले निम्मे तर तुझ्यावरच हसत असतील," ती म्हणायची.

तर त्या दुपारी मी गोठ्यात गेलो तेव्हा तांबडीनं मान मुडपून कुशीवर टाकली होती, झोपलेल्या कोंबडीसारखी. कानांना हात लावला, गार. नाकपुडी कोरडी. मी शेपूट पिळलं, हाकललं, खांद्यानं रेटलं. तिनं डोळासुद्धा वळवला नाही.

मागच्या वेतालाही तिला असंच झालं होतं. तेव्हा डॉक्टरबाई दोन गल्ल्या पलीकडेच होत्या, दहा मिनिटांत आल्या, मानेच्या शिरेतून औषध दिलं आणि गाय उठली. जाताना त्यांनी एक छापील कागद दिला होता. मी तेव्हा नुकता अक्षरं जोडायला शिकलो होतो, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. अक्काला समोर बसवून मी तो मोठ्यानं वाचला. रोगाचं नाव दुग्धज्वर. कान गार पडतात. गाय मान कुशीवर टाकते. दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेकू देऊन तिला छातीवर बसती ठेवा. डॉक्टरांना लगेच बोलवा. इथवर मोठी अक्षरं होती. खाली चौकटीत बारीक अक्षरांत आणखी काही होतं, पण तोवर मला घाम फुटला होता. "बाकी असंच काहीतरी आहे," असं म्हणून मी कागद गोठ्यातल्या खिळ्याला अडकवला. अक्का किती खूश झाली होती त्या दिवशी. शेजारच्या शिंपीणबाईंना भिंतीवरून सांगत होती, "आमचा धाकटा आता डॉक्टरचे कागद वाचतो."

मी भिंतीवरूनच शिंपीणबाईंना हाक मारली. त्यांच्याकडे फोन होता. त्यांनी लावला, बोलल्या, आणि तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेत म्हणाल्या, "बाई लांब कुठल्या गोठ्यात अडकल्यात. तासाभरात पोचते म्हणाल्या."

मी पोती लावली. गाय दोन पोत्यांच्या मधे तशीच राहिली, मान कुशीवर. श्वास इतका हलका की हात धरल्याशिवाय कळेना. अक्का तिच्या तोंडापाशी जमिनीवर बसली होती. अर्धा तास गेला असेल.

"ही चालली रे," अक्का म्हणाली.

"चालली काय? मागच्या वेळी नाही का उठली?"

"मागच्या वेळी अशी नव्हती. डोळे बघ. डोळ्यांत कोणी नाही."

मी डोळे पाहिले. खरंच कोणी नव्हतं.

अक्कानं तिच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडायला घेतली. तिच्या बोटांना गाठ सुटेना. "सोड की!" ती माझ्यावर ओरडली. "दाव्यात मरू द्यायची नाही. बांधलेली गाय मेली की हत्या लागते, बांधणाऱ्याला. तुला आणि मला."

मी दावं सोडलं. आमच्याच हातचं होतं, तीन पदरी, मानेला काचू नये म्हणून आतून कापड गुंडाळलेलं. ते खुंट्यापाशी ठेवलं.

मग अक्का उठली. मी म्हणालो, कुठं? ती पायऱ्या चढून आत गेली आणि देवापाशी ठेवलेला तांब्याचा गडू घेऊन आली. लाखेनं तोंड बंद केलेला. तिच्या सासूनं काशीयात्रेहून आणलेलं गंगेचं पाणी होतं त्यात. तेवीस वर्षं तिनं तो राखला होता, स्वतःसाठी. घरी कोणी आलं की दाखवायची आणि बजावायची, "मी गेले की हे माझ्या तोंडात घाला, विसरू नका." मला तर महिन्यातून एकदा.

"अगं, ते तुझं आहे," मी म्हणालो.

"तिच्यापेक्षा माझं काय मोठं? तोंड वर धर तिचं."

मी तांबडीचा जबडा धरला, मान वर उचलली. अक्कानं लाख फोडली, ओठाच्या कोपऱ्यातून गडूचं तोंड आत घातलं आणि पाणी ओतलं. थेंबभर नाही. सगळं. हळूहळू, पुटपुटत, शेवटचा थेंब झटकून. निम्मं होईतो तांबडी खोकली. एकदा, मग दोनदा. तिचा खोकलाही अशक्त होता, एखाद्या म्हातारीनं दाराआड खाकरावं तसा.

"घेतलं तिनं," अक्का म्हणाली. तिचा चेहरा त्या वेळी कसा होता, ते मला सांगता येणार नाही. "आता जा गं. सुखानं जा."

आणि फाटकापाशी डॉक्टरबाईंची मोटारसायकल थांबली.

बाई तरुण, बोलायला फटकळ, हाताला दणकट. पेटी उघडता उघडता त्यांनी तांबडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच परत. ज्वर म्हणायचं आणि अंग मात्र बर्फ, ज्यानं नाव ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला." त्यांनी मानेची शीर दाबून फुगवली, सुई घातली, बाटली माझ्या हातात उंच धरायला दिली आणि स्वतः गाईच्या छातीला कान लावून ठोके मोजत बसल्या. मधेच मान न उचलता विचारलं, "काका, तोंडावाटे काही पाजलंत का हिला?"

मी अक्काकडे पाहिलं. रिकामा गडू तिनं पदराखाली धरला होता. मागच्या खेपेला तिनं हळदीचा काढा करून ठेवला होता म्हणून बाईंनी तिला चार शब्द सुनावले होते, आणि ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नव्हती. तिनं आत्ताच आपलं शेवटचं पाणी देऊन टाकलं होतं. त्यावर बोलणी खायला लावायची?

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाही हो, काही नाही."

एवढंच. लहानसा शब्द. मी आयुष्यात यापेक्षा मोठं खोटं बोललो असेन, पण आज एकही आठवत नाही.

बाटली संपत आली तसा तांबडीच्या अंगाला कंप सुटला. नाकपुडीवर ओल आली. तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, मान उचलली आणि आपली कालवड कुठं आहे ते पाहिलं. आणखी थोड्या वेळानं मागचे पाय रोवले आणि उभी राहिली. अक्का हात जोडून रडत होती. बाई पेटी आवरत म्हणाल्या, "आजी, औषधाला पण एक नमस्कार करा."

"करते गं पोरी, तुलाही करते," अक्का म्हणाली. पण बाई गेल्यावर माझ्या कानाशी येऊन तिनं सांगितलं, "पाण्यानं उठली."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ते कळलं होतं. रिकामा गडू तिनं घासूनपुसून परत देवापाशी ठेवला. मी तांबडीला पुन्हा दावं बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिली पोळी खाल्ली. संध्याकाळी हुंगून सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मान पुढे ताणून उभी होती, नाकपुड्या फुगलेल्या, बरगड्या भात्यासारख्या. प्रत्येक श्वासाला आतून कण्हल्यासारखा आवाज. नाकातून पिवळं गळत होतं. जवळ गेलो तर तिच्या तोंडाला घाण मारत होती, कुजल्याची.

तोच ज्वर उलटला की काय, म्हणून मी खिळ्यावरचा कागद काढला आणि उजेडात नेला. मोठी अक्षरं मला आता पाठ होती. मी खाली उतरलो, चौकटीत. बारीक अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द जोडत गेलो.

गाय उठून उभी राहीपर्यंत तिला तोंडावाटे पाणी, औषध, काहीही पाजू नये. या रोगात गिळण्याची शक्ती जाते. पाजलेले फुफ्फुसात उतरते व गाय दगावते.

"दगावते" हा शब्द मी दोनदा जोडून पाहिला. म्हटलं, माझं चुकत असेल. चुकत नव्हतं.

दोन वर्षं तो कागद त्या खिळ्यावर होता. मी रोज त्याच्याखाली बसून धार काढत होतो.

अक्का आतून विचारत होती, "काय रे वाचतोयस?"

"काही नाही. जुनंच." मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालो, "बाईंना घेऊन येतो."

दवाखान्यापर्यंत मी पळालो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस जेवढं पळतो तेवढं. बाई टेबलावर एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "पाजलं होतं. मी खोटं बोललो. पाणी पाजलं होतं, गडूभर. जबडा मीच धरला होता."

त्यांनी पट्टीची गाठ मारली. मग कुत्रा खाली ठेवला. मला वाटलं शिव्या देतील. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर लगेच इंजेक्शनं सुरू केली असती," त्या म्हणाल्या. "वाचलीच असती असं नाही. पण काहीतरी करता आलं असतं. आता फुफ्फुस सडलंय, काका. वास येतोय म्हणता ना?"

"येतोय."

"चला. प्रयत्न करू."

वाटेत मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो. "अक्काला सांगू नका. एवढं करा. ते पाणी तिनं स्वतःच्या मरणासाठी ठेवलं होतं. गाय आपल्या हातानं मेली हे तिला कळलं तर ती जगायची नाही, आणि मरायचीही नाही धड. तिला पलीकडे न्यायला कोण येणार मग?"

बाईंनी गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं. "माझ्या हद्दीत दरवर्षी तीन-चार गाई अशा जातात. कोणी पाणी पाजतं, कोणी तेल, कोणी काढा. सगळे मायेनंच. सगळे माझ्यापासून लपवतात. मीही लपवायला लागले, तर पुढची गाय कोण वाचवणार?"

मी म्हणालो, "दुसऱ्यांना सांगा. दारोदार सांगा. माझं नाव घेऊन सांगा. फक्त तिला नको."

बाईंनी तांबडीला तीन इंजेक्शनं दिली. अक्काला म्हणाल्या, "आजी, फुफ्फुसाला सूज आहे." कशानं, ते नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या, पुन्हा इंजेक्शनं दिली, आणि जाताना फाटकापाशी माझ्याकडे पाहून मान हलवली.

तांबडी तेव्हा खाली बसली होती. अक्कानं आदल्या संध्याकाळीच तिचं दावं सोडलं होतं. अक्कानं दोन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं. कारण पहिली पोळी तांबडीनं खाल्ली नव्हती, आणि तिनं खाल्ल्याशिवाय अक्का खाणार कशी? कालवड कोपऱ्यातून हंबरत होती. तिला शिंपीणबाई बाटलीनं दूध पाजून गेल्या.

सकाळचं ऊन पायऱ्यांवर आलं होतं. अक्का म्हणाली, "धाकट्या."

"काय?"

"मी पाणी दिलं, तेव्हा ती खोकली होती."

माझ्या हातात घमेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"खोकली म्हणजे ठसका लागला, होय ना?" ती म्हणाली. "माणसाला ठसका लागला तर पाणी छातीत जातं. आपला बाप गेला तो असाच, पेज पाजताना. आठवतं?"

"माणसाचं वेगळं. गाईचं वेगळं."

"ती पोरगी म्हणाली फुफ्फुस. काल म्हणाली."

"फुफ्फुसाला सूज शंभर कारणांनी येते."

"त्या कागदात काय आहे रे?"

"कुठल्या?"

"खिळ्यावरचा. नाहीये तिथं."

अक्काला एकही अक्षर येत नव्हतं, पण खिळा रिकामा आहे हे वाचता येत होतं. मी म्हणालो, फाटला, टाकला. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी लहानपणी चोरून गूळ खायचो तेव्हा ती अशीच पाहायची, आणि मग मी कबूल करायचो. मला वाटलं, आणखी दोन घटका ती अशी पाहत राहिली तर मी कबूल करीन.

"माझ्या हातानं तर नाही ना झालं?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तो तिचाच आहे असं वाटेना. "खरं सांग. मी तिला मारलं नाही ना?"

"नाही."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

"माझी नको. माझं काय उरलंय? तिच्यावर हात ठेवून घे."

मी तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ भाजत होती. आता खरा ताप होता. बहिणीची खोटी शपथ मला घेता आली. गाईची येईना. चेष्टा केली तरी मीही त्याच घरात वाढलो होतो.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उठली. "मी हात धुऊन येते," म्हणाली. "मग तिच्या तोंडाला ओलं फडकं लावते. पाणी नको. फडकं." आणि एकेक पायरी चढत आत गेली. पाणी नको, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. म्हणजे ती खऱ्यापाशी जवळजवळ पोचलीच होती. आणखी अर्ध्या तासात पूर्ण पोचली असती.

मी तांबडीसमोर उभा राहिलो. तिच्या श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. खुंट्यापाशी दावं तसंच पडलं होतं.

मी ते उचललं. खाली बसून तिच्या गळ्याभोवती घातलं, गाठ मारली, आणि दुसरं टोक खुंट्याला बांधलं. हयातभर मी दोर वळले, हजारो गाठी मारल्या असतील. ही गाठ मी सावकाश मारली, अक्काच्या बोटांनी सुटणार नाही अशी. तांबडीच्या कपाळावर कपाळ टेकलं आणि म्हणालो, "हे तसं खोटं नाही गं. कागद मीच वाचला नाही. जबडा मीच धरला. विचारल्यावर नाही मीच म्हणालो. तुला बांधलीच होती मी."

तिनं आणखी दोन श्वास घेतले. तिसऱ्याची मी वाट पाहिली. आला नाही.

अक्का फडकं घेऊन दारात आली तेव्हा मी उठून बाजूला उभा होतो. तिनं आधी गाईकडे पाहिलं. कळलं तिला. मग तिची नजर गळ्यावर गेली, तिथून दोरावरून खुंट्यापर्यंत.

"दावं कोणी बांधलं?"

"मी."

"मी सोडलं होतं."

"मी बांधलं. उठून कुठं धडपडेल म्हणून."

"मरत्या गाईला बांधलंस?"

"मरेल असं वाटलं नाही."

मी तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो. पहिली गोष्ट जी झाली ती मी पाहिली, आणि तेवढ्यासाठीच मी ते केलं होतं. तिच्या तोंडावरून काहीतरी उतरलं, डोक्यावरचा भारा दुसऱ्या कोणी उतरवून घ्यावा तसं. क्षणभरच. मग राग आला. तिनं ओलं फडकं माझ्या तोंडावर मारलं, परत उचललं, परत मारलं. "दाव्यात मारलीस! घरची गाय दाव्यात मारलीस! चांडाळा, तुला सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं!" शिंपीणबाई भिंतीवरून डोकावल्या. मी तसाच उभा राहिलो. मार लागत नव्हता. तिला रागावता येत होतं.

गाठ तिच्यानं सुटली नाही. ती मला सोडावी लागली.

दोर वळायच्या पट्टीच्या पलीकडे आम्ही तांबडीला पुरलं. गल्लीतले सहा जण मदतीला आले. त्या संध्याकाळी अक्कानं मला प्रायश्चित्त सांगितलं, तिच्या आजीनं तिला सांगितलेलं. तेच दावं गळ्यात घालायचं. बारा दिवस कोणाशी बोलायचं नाही. सात घरं मागून खायचं. मी मान डोलावली. मुकं राहायला सांगितल्याबद्दल मी तिचा आभारी होतो.

नवव्या दिवशी डॉक्टरबाई कालवडीला बघायला आल्या. मला गोठ्याच्या दारात पाहून थबकल्या. "काका, हे गळ्यात काय?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"त्याला बोलायचं नाही," अक्का आतून म्हणाली. "यानं गाय दाव्यात मारली."

"दाव्यानं कुठं गाय मरते, आजी? ती तर—"

मी बाईंकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, अक्का बघत होती. नुसता पाहत राहिलो. बाईंनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग पदर डोक्यावर घेऊन पायरीवर बसलेल्या अक्काकडे. कालवड त्यांचा हात चाटत होती.

"ती आजारीच होती," बाई म्हणाल्या. "पण बांधायला नको होतं."

"तेच म्हणते मी," अक्का म्हणाली.

फाटकाबाहेर बाईंनी पेटीतून छापील कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. नवे होते. चौकटीतली ओळ सगळ्यात वर घेतली होती, बोटाएवढ्या अक्षरांत. "बारा दिवस संपले की माझ्याबरोबर यायचं," त्या म्हणाल्या. "गोठ्यागोठ्यात जाऊन वाचून दाखवायचं. शेवटपर्यंत. मी तुमच्या घरात गप्प बसले, ते फुकट नाही." मी मान हलवली. गठ्ठा वाखाच्या ढिगात लपवला.

तेराव्या दिवशी सकाळी अक्का चाकापाशी येऊन बसली. मला हाक मारली नाही. मी वाखाचा गठ्ठा कमरेला बांधला, धागा चाकाला अडकवला. तिनं चाक फिरवायला सुरुवात केली. मी उलटा चालू लागलो. कालवड मोकळी हिंडत होती. तिला बांधायला अक्कानं दावंच वळू दिलं नव्हतं. दहा पावलं, वीस. पीळ बसत होता. अक्काची मान खाली होती.

तिसाव्या पावलाला ती बोलली. चाक न थांबवता, माझ्याकडे न बघता.

"तुझ्या हातून झालं ते झालं. पण माझं पाणी तेवढं तिला मिळालं. ते तरी तिच्याबरोबर गेलं."

धागा माझ्या बोटांतून सरत होता. सोडला असता तर सगळा पीळ उलटा फिरला असता.

"हो," मी म्हणालो. "गेलं."

आणि मागे मागे सरत राहिलो.